सायकल, शाळा आणि प्रश्नमंजूषा

सायकलीच्या इतिहासात ‘सुरक्षितता’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो एका यंत्राचे नाव म्हणून. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ले याने ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची, बैठक बेताच्या उंचीवर, आणि पायडलची गती साखळीने मागच्या चाकाला पोहोचविलेली. आज रस्त्यावर दिसणारी साधी सायकल म्हणजे मूलतः हीच. तिला त्या काळी ‘सेफ्टी बायसिकल’, म्हणजे सुरक्षित सायकल, असे म्हणत. ज्या वाहनाला जन्माबरोबर हे बिरुद मिळाले, त्यावर बसणाऱ्या मुलांना सुरक्षितता शिकविण्यासाठी पुढे शाळाशाळांतून परीक्षा घ्याव्या लागल्या, बिल्ले वाटावे लागले, पत्त्यांचे डाव आणि प्रश्नोत्तरांचे खेळ रचावे लागले. ही वरवर पाहता गमतीची वाटणारी गोष्ट वस्तुतः गंभीर आहे. माणसाने सुरक्षितता प्रथम यंत्रात शोधली, मग कायद्यात, मग शिक्षणात, आणि सर्वांत शेवटी रस्त्यात. या शोधाच्या चार पायऱ्या पाहिल्या म्हणजे शाळेतील त्या छोट्या प्रश्नमंजूषेचे मोल काय आणि तिची मर्यादा कोणती, हे दोन्ही ध्यानी येते.

पहिली पायरी यंत्राची. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस हा गृहस्थ दोन चाकांच्या एका लाकडी वाहनावर बसून पायांनी जमीन मागे रेटीत शहराबाहेर पडला. या वाहनाला पायडल नव्हते. खडबडीत रस्त्यावर तोल सांभाळणे अवघड, म्हणून स्वार पादचाऱ्यांच्या गुळगुळीत वाटेवर चढू लागले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मानहाइममध्ये पदपथावर हे वाहन चालविण्यास बंदी झाली. सायकलीच्या पहिल्या वर्षातच सायकलस्वार आणि पादचारी यांचा तंटा उभा राहिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रस्त्यावर आपली जागा कोणती, हा सायकलीपुढील प्रश्न सायकलीइतकाच जुना आहे.

पुढे १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमधील कारागिरांनी पुढच्या चाकाला पायडल बसविले. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. तेव्हा वेग वाढवावयाचा तर चाक मोठे करणे भाग होते. पुढचे चाक वाढत वाढत पुरुषभर उंचीच्या जवळ गेले आणि मागचे चाक नावापुरते उरले. या उंच सायकलीवरून खाली पडण्याची एक ठराविक तऱ्हा होती: पुढच्या चाकाला दगड अडला की स्वार हँडलवरून डोक्यावर आपटे. अशा स्थितीत हे वाहन धाडसी तरुणांपुरतेच राहिले. स्टार्लेच्या सायकलीने स्वाराला जमिनीच्या जवळ आणले. १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली आणि हाडे खिळखिळी करणारा प्रवास सुसह्य झाला. आता सायकल स्त्रियांची झाली, वृद्धांची झाली, आणि कालांतराने मुलांचीही झाली. अमेरिकेतील समाजसुधारक फ्रान्सिस विलर्ड या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ साली त्या शिक्षणावर त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. परंतु त्या काळी सायकल शिकणे म्हणजे तोल सांभाळण्यास शिकणे, एवढाच अर्थ होता. रस्ता शिकावा लागतो, ही कल्पना अजून यावयाची होती.

दुसरी पायरी कायद्याची. १८८८ च्या एका अधिनियमाने ब्रिटनमध्ये सायकल ही इतर गाड्यांप्रमाणेच एक गाडी आहे असे ठरले. रात्री दिवा लावावा, आणि पुढच्याला ओलांडून जाताना घंटी वाजवून सूचना द्यावी, असे बंधन आले. कायदा रस्त्यावरील हक्क देतो आणि त्याच वेळी कर्तव्यही सांगतो. आपल्याकडेही सायकल आली ती हक्क आणि बंधने बरोबर घेऊनच. ज्या पिढीने पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात शालेय वय घालविले, तिला नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला, संध्याकाळी दिवा नसल्यास चौकात उभा असलेला पोलीस आणि ‘डबल सीट’ दिसताच वाजणारी त्याची शिट्टी यांची आठवण सहज होईल. परंतु शिट्टीने चूक थांबते. चूक का झाली हे शिट्टी सांगत नाही. चौकाच्या अलीकडे उतरून पलीकडे पुन्हा टांग मारणाऱ्या मुलाने कायदा पाळला खरा, पण तो पोलिसाच्या नजरेपुरता. कायद्याची ही मर्यादा ओळखूनच तिसरी पायरी बांधली गेली, आणि ती मोटारींच्या धक्क्याने.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात युरोप-अमेरिकेतील रस्त्यांचे रूप पालटले. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने मोटारींवरील जुनी वेगमर्यादा उठविली, आणि १४ एप्रिल १९३१ रोजी सरकारने ‘हायवे कोड’ ही रस्त्याच्या नियमांची पुस्तिका एक पेनी किंमतीला प्रसिद्ध केली. नियम छापले गेले, परंतु १९३४ साली तेथे रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्यू पावली. शांततेच्या काळात त्या देशाने एवढी हानी पूर्वी पाहिली नव्हती. त्या वर्षी वाहतूकमंत्री झालेले लेस्ली होर-बेलिशा यांनी पादचाऱ्यांसाठी पिवळ्या गोलाचे दिवे रस्तोरस्ती उभारले, वस्तीच्या भागात वेगमर्यादा पुन्हा आणली आणि १९३५ पासून नव्या मोटारचालकांना परीक्षा सक्तीची केली. ते दिवे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. इतकेच नव्हे, तर १९३७ च्या सुमारास ‘बेलिशा’ नावाचा पत्त्यांचा एक डावही निघाला. त्याच्या पानांवर राजे आणि गुलाम यांच्या जागी रस्त्यावरील खुणा आणि दिवे होते. हिवाळ्याच्या संध्याकाळी शेकोटीजवळ बसून जोड्या जुळविताना मुलांच्या मनावर रस्त्याची चिन्हे ठसावीत, हा त्यामागील हेतू. रस्त्याचा पाठ पुस्तिकेतून उठून खेळात आला, त्याचे हे एक आरंभीचे आणि मनोरम उदाहरण होय.

मात्र पत्ते खेळणाऱ्याच्या हातात हँडल नसते. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमधील अपघात-निवारण संस्थेने १९४७ साली सायकलस्वार मुलांसाठी प्रावीण्य-परीक्षा सुरू केली. १९५८ पासून सरकारी साहाय्याने ती देशभर पसरली. शाळेच्या फरसबंद पटांगणावर लाकडी ठोकळे मांडलेले असत. त्यांच्यामधून नागमोडी सायकल न्यावयाची, एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने वळण्याची खूण करावयाची, मागे वळून पाहावयाचे पण सायकल वाकडी जाऊ द्यावयाची नाही, ठराविक रेषेवर ब्रेक लावून थांबावयाचे. हे झाले की परीक्षक प्रश्न विचारी: या चिन्हाचा अर्थ काय? उजवीकडे वळण्यापूर्वी प्रथम काय कराल? उभ्या मोटारीला लागून का जाऊ नये? उत्तीर्ण मुलाला प्रमाणपत्र आणि धातूचा छोटा बिल्ला मिळे, आणि तो अंगरख्यावर मिरविण्यात त्याला राजाचे पदक मिळाल्याचा आनंद होई. या योजनेची जागा पुढे २००७ साली ‘बाइकेबिलिटी’ या नव्या अभ्यासक्रमाने घेतली. तिचे पटांगण मात्र पहिल्या पातळीपुरतेच आहे; नंतरच्या पातळ्यांवर मुलांना शिक्षकाबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावर नेले जाते.

नेदरलँड्समध्ये या शिक्षणाला एखाद्या संस्काराचेच रूप आले. तेथील सुरक्षित वाहतूक संघटना १९३२ ची. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षांत तेथील मुले वाहतुकीची परीक्षा देतात. प्रथम लेखी प्रश्न, त्यात रस्त्याचे चित्र आणि ‘येथे आधी कोणी जावे?’ अशा तऱ्हेची विचारणा. त्यानंतर गावातील आखलेल्या मार्गावर प्रत्यक्ष स्वारी. मुलाच्या अंगावर क्रमांक असतो आणि कोपऱ्याकोपऱ्यावर उभे असलेले स्वयंसेवक, बहुधा कोणाचे तरी आईबाप, हातातील कागदावर खुणा करीत असतात. डोक्यातले उत्तर पायांत उतरले की नाही, हे पाहण्याची ही रीत आहे.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्‌भवतो. मुलांना नियम सांगून चालले असते. ते प्रश्नरूपाने का विचारावे? आणि त्याचा खेळ का करावा? याचे उत्तर शिक्षणशास्त्राने प्रयोगांनी दिले आहे. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर या संशोधकाने अमेरिकेतील आयोवा राज्यातील ९१ शाळांमधील सहावीच्या ३,६०५ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी एक लहान लेख वाचावयाचा आणि मग निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या दिवशी त्यावर प्रश्न विचारावयाचे, अशी योजना होती. ज्या मुलांना वाचनानंतर लवकर प्रश्न विचारले गेले, त्यांच्या ध्यानात तो मजकूर पुढे कित्येक आठवडे टिकला. ज्यांना उशिरा विचारले, त्यांनी त्यातील बराच भाग मधल्या काळात गमावला होता. म्हणजे प्रश्न हा केवळ स्मरणाचे माप घेत नाही, तो स्मरण घडवितो. त्याच काळात सिडनी प्रेसी याने प्रश्न विचारणारे एक यंत्र बनविले होते, आणि १९५४ पासून बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने अध्यापन-यंत्राचा पुरस्कार केला. उत्तर बरोबर की चूक हे विद्यार्थ्याला तत्क्षणी कळले पाहिजे, आठवड्याने वही तपासून आल्यावर नव्हे, हे त्यामागचे तत्त्व. आज संगणकाच्या पडद्यावर मुले जी प्रश्नमंजूषा खेळतात, तिचे कुळ येथे सापडते.

परंतु भारतीय मनाला हे तत्त्व नवखे वाटण्याचे कारण नाही. उपनिषदांपैकी एकाचे नावच ‘प्रश्न’ असे आहे. ओव्या, कोडी आणि उखाणे यांनी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ज्ञान खेळते ठेवले. आणि महाभारताच्या वनपर्वातील यक्षाची कथा कोणाला ठाऊक नाही? तहानेने व्याकुळ झालेले चार पांडव सरोवरावर येतात. यक्ष म्हणतो, आधी माझ्या प्रश्नांना उत्तरे दे, मग पाणी पी. ते ऐकत नाहीत, आणि गतप्राण होऊन पडतात. युधिष्ठिर थांबतो, ऐकतो, उत्तर देतो, आणि भावांचे प्राण परत मिळवितो. हमरस्ताही प्रत्येक वळणावर असाच प्रश्न विचारीत असतो. घाईत असलेला मुलगा तो ऐकत नाही. फरक इतकाच की रस्त्यावरचा यक्ष पडलेल्यांना पुन्हा उठवीत नाही. वर्गातील खेळात मात्र चुकीच्या उत्तराचा दंड म्हणजे एक गुण जाणे, किंवा खडूने आखलेल्या रस्त्यावर एक घर मागे येणे. चूक करण्याची परवानगी जेथे आहे, तेथेच चूक करून घ्यावी, हे या खेळाचे सारे शहाणपण आहे.

असा खेळ चांगला केव्हा होतो? प्रश्न पाठांतराचे नसून प्रसंगाचे असतील तेव्हा. ‘रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावे?’ या प्रश्नाला सारा वर्ग ‘डाव्या’ असे एका सुरात ओरडतो, आणि त्यातून फारसे काही शिकत नाही. परंतु ‘थांब्यावर एस. टी. उभी आहे, तिच्यातून माणसे उतरत आहेत, तुम्ही मागून सायकलीवर येत आहात. डावीकडून निसटाल, उजवीकडून पुढे जाल, की थांबाल?’ असे विचारले की वर्गात तीन तट पडतात आणि वाद सुरू होतो. ‘उसाने भरलेली ट्रॉली पुढे डुलत चालली आहे, तिच्या किती मागे राहाल?’ ‘मोठा ट्रक डावीकडे वळण्याच्या बेतात आहे, त्याच्या डाव्या अंगाने पुढे सरकाल काय?’ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांना जवळजवळ नेहमीच चकवते, कारण ट्रक आपल्याला दिसतो तेव्हा ट्रकवाल्यालाही आपण दिसतच असणार, असे त्यांना वाटते. एका मुलाला खुर्चीवर ट्रकचालक म्हणून बसवून, दुसऱ्याला त्याच्या डाव्या हाताला मागे खाली बसविले की उत्तर सांगावे लागत नाही. सायकलच्या तपासणीचा खेळही असाच: वर्गात एक सायकल आणावी, तिचा एक ब्रेक सैल करावा, चेन ढिली ठेवावी, मागच्या चाकातील हवा थोडी सोडावी, मागचा तांबडा काचबिंब चिखलाने झाकावा, आणि कोणता गट सगळे दोष आधी शोधतो ते पाहावे.

प्रश्नाने आणखी एक गोष्ट साधते. मूल कसे विचार करते, हे शिक्षकाला कळते. जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२७ च्या आपल्या ग्रंथात सायकलवरच एक प्रकरण लिहिले. त्याने मुलांना सायकल काढावयास सांगितली आणि ती कशी चालते हे विचारले. चार-पाच वर्षांची मुले पायडल, साखळी आणि चाके चित्रात सुटी सुटी काढीत; त्यांचा एकमेकांशी संबंध असावा लागतो, याची त्यांना गरजच भासत नसे. सुमारे आठव्या वर्षी साखळीने गती मागच्या चाकाकडे जाते हे मुले नीट सांगू लागत. लहान मूल अज्ञानी नसते, त्याचे जग वेगळे असते, हा त्यातील बोध. स्वीडनच्या स्टिना सँडेल्स यांनी हाच धागा रस्त्यावर नेला. १९६८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दाखविले की लहान मुलांना आवाज कोणत्या दिशेने येतो हे नीट उमगत नाही, डावे-उजवे चुकते, वाहतुकीचे शब्द मोठी माणसे ज्या अर्थाने वापरतात त्या अर्थाने ती समजत नाहीत, आणि नियम तोंडपाठ असूनही चेंडू घरंगळला की तो नियम त्यांच्या मनातून क्षणात पुसला जातो. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: केवळ शिकवून लहान मुलाला आजच्या वाहतुकीला जुळवून घेता येणार नाही, वाहतुकीलाच मुलाशी जुळवून घ्यावे लागेल.

येथे ही कहाणी चौथ्या पायरीवर येते, आणि ती पायरी दुःखाची आहे. ज्या नेदरलँड्समध्ये मुले परीक्षा देऊन रस्त्यावर उतरत होती, तेथे १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मरण पावली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. परीक्षेत उत्तीर्ण झालेली मुले आणि परीक्षेच्या वयाला न पोहोचलेली मुले, दोन्ही त्यांत होती. पत्रकार विक लांगेनहॉफ याची मुलगी अशाच अपघातात गेली. १९७२ साली त्याने ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा आशयाच्या मथळ्याखाली लेख लिहिला, आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबापांनी मुलांना घेऊन रस्ते अडविले, सायकलींची मिरवणूक काढली, शाळेजवळील गल्ल्या मोटारींना बंद करा अशी मागणी केली. त्यांचा सवाल साधा होता. मुलाला प्रश्न विचारून त्याची चूक काढणाऱ्या समाजाने, हा रस्ता असा का बांधला, हा प्रश्न स्वतःला कधी विचारला आहे काय? पुढील वर्षांत तेथे सायकलींसाठी वेगळे मार्ग झाले, वस्तीतील रस्त्यांवर मोटारीचा वेग पावलाच्या गतीवर आणला गेला, आणि मुलांच्या मृत्यूंची संख्या पुढील दशकांत अगदी थोड्यावर आली. परीक्षा मात्र बंद झाली नाही. ती आजही होते. पण आता ती एकट्याने भार वाहत नाही.

संशोधनाचा कौलही असाच सावध आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकल-शिक्षण घेतलेल्या मुलांना इजा कमी होतात असा पुरावा मिळाला नाही. पादचाऱ्यांच्या, मुख्यतः मुलांच्या, शिक्षणाविषयीचे १५ नियंत्रित प्रयोग एकत्र पाहून २००२ साली काढलेला निष्कर्षही बोलका आहे: शिक्षणाने ज्ञान वाढते, वागणूकही काही प्रमाणात सुधारते, परंतु इजा किती टळल्या हे त्यांपैकी एकाही प्रयोगात मोजलेले नव्हते. उलट पक्षी, २०१५ साली इंग्लंडमध्ये पडद्यावरील प्रश्नमंजूषेच्या साह्याने केलेल्या पाहणीत असे दिसले की रस्त्यावर नेऊन शिकविलेल्या मुलांना धोका आधी ओळखता येतो, आणि हे कौशल्य दोन महिन्यांनंतरही टिकते. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. प्रश्नमंजूषा दृष्टी देते. ढाल देत नाही.

भारतात हा विचार आज अधिक निकडीचा आहे, कारण येथे सायकल ही हौस नाही, ती शाळेची वाट आहे. १९९१ नंतर तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता-चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. अक्षर आणि चाक यांची ती जोडी अविस्मरणीय ठरली. २००६ साली बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाप्रमाणे त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. शाळा जितकी दूर, तितका सायकलीचा लाभ मोठा होता. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींच्या हाती सायकली आल्या. पहाटे गटागटाने शाळेला निघालेल्या या मुली म्हणजे देशाच्या प्रगतीचे एक प्रसन्न चित्र आहे.

परंतु ती सायकल ज्या रस्त्याने जाते, त्या रस्त्याचे चित्र तितके प्रसन्न नाही. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत अठरा वर्षांखालील मुलामुलींची संख्या साडेनऊ हजारांच्या वर होती. चंडीगडसारख्या शहरांत मुलांसाठी वाहतूक-उद्याने आहेत, मुंबईच्या शाळांतून रस्ता सुरक्षा दलाची मुले शिट्टी घेऊन उभी राहतात, जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात. त्यांत निबंध, घोषवाक्ये आणि चित्रे असतात. त्यांच्या जोडीला मुलांच्या स्वतःच्या वाटेवरचे प्रश्न असले, तर हा कार्यक्रम समारंभ न राहता पाठ होईल. ज्या सरकारी पेटीतून मुलीला सायकल मिळते, त्याच पेटीतून तिला एका दुपारचे हे शिक्षणही मिळणे अशक्य नाही. त्याला खडू लागतो, पटांगण लागते, एक सायकल लागते, आणि उत्तर सांगण्याची घाई न करणारा शिक्षक लागतो.

आणि त्या पटांगणावरच चौथ्या पायरीचा पायाही घालता येतो. खेळाच्या शेवटी मुलांना आपल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट कागदावर काढावयास सांगावी आणि जेथे भीती वाटते तेथे तांबडा ठिपका द्यावयास सांगावे. चाळीस मुलांचे चाळीस कागद एकावर एक ठेवले की ठिपके फार विखुरलेले दिसणार नाहीत. ते दोन-तीन ठिकाणी दाटतील. पुलाजवळचे वळण, साखर कारखान्याचा फाटा, दिवा नसलेला चौक. ती जागा मुलांच्या अज्ञानाने धोक्याची झालेली नसते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी मृत्यू पावला वा अपंग झाला, तर ती जबाबदारी असलेली यंत्रणा वा ठेकेदार एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरविला आहे. रक्कम लहान आहे, परंतु तत्त्व मोठे आहे: रस्त्याच्या परीक्षेला आता रस्ता बांधणाराही बसला आहे.

म्हणून मुलांच्या प्रश्नमंजूषेतील गुणपत्रिका घरी नेताना तो ठिपक्यांचा कागद ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या मेजावर ठेवला गेला पाहिजे. मुलाने आपल्या वाट्याची उत्तरे दिलेली असतात: तो डाव्या बाजूने चालतो, वळण्यापूर्वी मागे पाहतो, हात दाखवितो, ब्रेक तपासतो. त्यानंतरचे प्रश्न त्याच्यासाठी नसतात. ते मोटार चालविणाऱ्यांसाठी असतात, रस्ता आखणाऱ्यांसाठी असतात, आणि त्यांची उत्तरे येईपर्यंत उद्या सकाळी पुन्हा त्याच पुलाजवळच्या वळणावरून मुले शाळेला जाणार असतात.